जर्मन शिकताना स्वभाव आणि बुद्धी यांचा अंदाज घेऊन अभ्यास कसा आखावा

जर्मनच्या ए-1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या वर्गात पहिल्या पंधरवड्यातच दोन प्रकारचे विद्यार्थी वेगळे ओळखू येतात. एक जण तिसऱ्या दिवसापासून बोलू लागतो. त्याच्या नामाचे लिंग चुकते, क्रियापद भलत्याच जागी जाऊन बसते, पण समोरच्याला त्याचे म्हणणे कळते आणि तो खुशीत पुढचे वाक्य सुरू करतो. दुसऱ्याची वही पाहत राहावी अशी असते, रकाने आखलेले, रूपे तीन रंगांत लिहिलेली. मात्र वर्गात नाव विचारले तरी त्याचा आवाज घशातच अडकतो. पहिली चाचणी झाली की दोघेही जवळपास एकच प्रश्न घेऊन येतात: ‘मला ही भाषा जमेल का? तेवढी बुद्धी माझ्यात आहे का?’

प्रौढ मराठी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझ्या मते प्रश्नाची मांडणीच थोडी बदलायला हवी. भाषा येणार की नाही, हे बुद्धी किंवा स्वभाव ठरवत नाहीत. भाषेचा कोणता भाग आपोआप पुढे सरकेल आणि कोणता मागे रेंगाळेल, हे मात्र ते बऱ्याच अंशी ठरवतात. एकदा हे ध्यानात आले की करायचे काम स्पष्ट होते: स्वतःचा रेंगाळणारा भाग लवकर ओळखायचा आणि आपल्या वेळेतला मोठा वाटा त्याला द्यायचा. बहुतेक जण नेमके उलट करतात, कारण जे जमते ते करायला आनंद वाटतो.

या गोष्टीला व्यावहारिक बाजूही आहे. ग्योथे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडे मॅक्समुल्लर भवन या नावाने परिचित असलेल्या संस्थेच्या बी-1 आणि बी-2, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्या परीक्षांत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असतात आणि प्रत्येक विभागात 100 पैकी 60 गुण मिळवावे लागतात. वाचनातले 95 गुण संभाषणातल्या 50 गुणांची भरपाई करू शकत नाहीत. जर्मनीत परिचारिका म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना साधारणपणे बी-2 पर्यंत मजल मारावी लागते, आणि त्यांच्यापैकी कित्येक जणी तीन विभाग एका फटक्यात उत्तीर्ण होऊन चौथ्यापाशी महिनोन्‌महिने अडून बसतात. तो चौथा विभाग कोणता असेल, हे ए-1 मध्येच बऱ्यापैकी सांगता येते.

बुद्धी म्हणजे नेमके काय मोजायचे

‘हुशार माणसाला भाषा लवकर येते’ हे अर्धे खरे आहे. 1976 मध्ये फ्रेड जेनेसी यांनी मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्ध्यंक जास्त असलेली मुले फ्रेंच वाचनात आणि व्याकरणात पुढे होती. परंतु ऐकून समजणे आणि समोरच्याशी बोलून निभावणे या बाबतींत बुद्ध्यंकाने तसा फरक पडल्याचे दिसले नाही. इंग्लंडमधील एका गृहस्थाचे उदाहरण तर याहून पुढचे आहे. बिगरभाषिक बुद्धिचाचण्यांत त्यांचे गुण सरासरीहून पुष्कळ कमी असत, रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे सांभाळणे त्यांना शक्य नव्हते, आणि तरीही त्यांना पंधराहून अधिक भाषांची जाण होती. नील स्मिथ आणि इयान्थी त्सिम्प्ली या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून 1995 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. शाळेतल्या गुणपत्रिकेवरून स्वतःच्या भाषाक्षमतेचा निवाडा करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत, असे मला मनापासून वाटते.

भाषा शिकण्याची क्षमता ही एकसंध गोष्ट नाही, हे जॉन कॅरॉल आणि स्टॅन्ली सेपन यांनी 1959 मध्ये ‘मॉडर्न लँग्वेज ॲप्टिट्यूड टेस्ट’ ही चाचणी प्रसिद्ध केली तेव्हापासून अभ्यासक मानत आले आहेत. कॅरॉल यांनी तिचे चार घटक सांगितले: अपरिचित ध्वनी नेमके ओळखून ध्यानात ठेवणे, वाक्यातल्या शब्दांची कार्ये जाणणे, उदाहरणांवरून नियम काढणे, आणि शब्द व त्यांचे अर्थ यांची जोडी पाठ करणे. एखाद्याचा कान उत्तम असतो आणि पाठांतर कच्चे. दुसऱ्याला तक्ते एका दृष्टिक्षेपात समजतात, पण दोन जवळचे स्वर वेगळे ऐकू येत नाहीत. ही अधिकृत चाचणी आपल्याला सहज उपलब्ध नसली तरी घरच्या घरी, एका रविवारी दोन तास काढून, या चारही घटकांचा ढोबळ अंदाज घेता येतो.

कानाची परीक्षा अशी घ्यावी. अर्थ माहीत नसलेले दहा जर्मन शब्द कोणत्याही ध्वनिमुद्रित शब्दकोशातून ऐकावेत. प्रत्येक शब्द ऐकल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मग तो मोबाइलवर मुद्रित करावा. मध्ये आकडे मोजायचे ते एवढ्यासाठी की शब्दाचा नुसता प्रतिध्वनी कानात राहू नये, तो खरोखर ध्यानात ठेवावा लागावा. नंतर मूळ उच्चार आणि आपला उच्चार लागोपाठ ऐकावा. दहापैकी सहा-सात शब्द जवळ आले असतील तर कान चांगला आहे. फरक ऐकू येतो पण तोंडातून उच्चार उमटत नाही, ही अडचण सोपी असते. फरक ऐकूच येत नाही, ही अवघड असते. दोहोंपैकी आपली कोणती, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवावे.

वाक्यरचनेची जाण तपासायला आधी मराठीच घ्यावी. ‘मुलाने कुत्र्याला पोळी दिली’ या वाक्यात आपण ‘कुत्राला’ न म्हणता ‘कुत्र्याला’ का म्हणतो, आणि क्रियापद मुलाशी न जुळता पोळीशी का जुळते, हे स्वतःला विचारावे. उत्तर देता आलेच पाहिजे असे नाही. प्रश्न वाचून कुतूहल जागे झाले, दुसरी वाक्ये आठवून पाहावीशी वाटली, तर ही क्षमता तुमच्यात आहे. ‘असेच म्हणतात, त्यात काय विचारायचे’ असे वाटले, तर व्याकरण तुम्हाला नियमांपेक्षा तयार वाक्यांच्या रूपात शिकावे लागेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

नियम काढण्याची परीक्षा सर्वांत छोटी आहे. लेर्नेन म्हणजे शिकणे, गेलेर्न्ट म्हणजे शिकलेले. माखेन म्हणजे करणे, गेमाख्ट म्हणजे केलेले. काउफेन म्हणजे विकत घेणे, गेकाउफ्ट म्हणजे विकत घेतलेले. आता श्पीलेन म्हणजे खेळणे, तर ‘खेळलेले’ काय होईल? कुणाला विचारल्याशिवाय ‘गेश्पील्ट’ सुचले, तर उदाहरणांमागचा नियम तुम्हाला दिसतो.

पाठांतरासाठी वीस अनोळखी शब्द वीस मिनिटांत पाठ करावेत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न पाहता लिहून काढावेत, आणि आठ दिवसांनी पुन्हा लिहावेत. दोन्ही आकडे टिपून ठेवावेत. आठ दिवसांनी वीसातले पाच-सहाच उरले म्हणून घाबरू नये. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो. उजळणी न केलेले शब्द निसटणे हा माणसाच्या स्मरणशक्तीचा सर्वसाधारण धर्म आहे.

कच्च्या क्षमतेवर काय करावे

पाठांतर कच्चे असणाऱ्याची सोय सर्वांत चांगली लागते. झेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने 1970 च्या दशकाच्या आरंभी पाच खणांच्या पेटीची एक पद्धत लोकप्रिय केली. प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करायचे; सगळी कार्डे पहिल्या खणात ठेवायची; शब्द बरोबर आठवला की कार्ड पुढच्या खणात जाते, चुकला की ते थेट पहिल्या खणात परत येते. पहिला खण रोज पाहायचा, पुढचे खण क्रमाक्रमाने अधिक अंतराने. आज हेच काम मोबाइलवरची ॲप करतात, पण सुरुवातीचे दोन महिने कार्डे हाताने लिहावीत असा माझा आग्रह असतो, कारण लिहिताना शब्दाचे वर्णलेखन वेगळे पाठ करावे लागत नाही. नाम कधीही एकटे लिहू नये. पुल्लिंगी ‘डेर’, स्त्रीलिंगी ‘डी’ आणि नपुंसकलिंगी ‘डास’ यांपैकी योग्य ते उपपद नामाच्या आधी लिहावे आणि तिन्हींना तीन रंग ठरवून द्यावेत. ‘टिश’ (टेबल) हा शब्द एकदा नुसता पाठ झाला की त्याला मागाहून ‘डेर’ चिकटवणे फार कष्टाचे होते.

लिंगाच्या बाबतीत मराठी माणसाला थोडे जपून राहावे लागते. नामाला तीन लिंगे असतात आणि त्यांना फारसे कारण नसते, हे इंग्रजीभाषकाला पचवावे लागते. आपल्याला ते जन्मापासून ठाऊक आहे. परंतु आपली लिंगे आणि त्यांची लिंगे जुळतीलच असे नाही. टेबल आपल्याकडे ‘ते’, जर्मनमध्ये ‘डेर टिश’. सूर्य आपल्याकडे ‘तो’, तिकडे ‘डी झॉनं’. चंद्र मात्र दोन्हीकडे पुल्लिंगी. भाषेची चांगली जाण असलेले विद्यार्थी इथे मराठीच्या भरवशावर राहून चुकतात, आणि ज्यांना स्वतःच्या अंदाजावर विश्वास नाही ते प्रत्येक शब्द पाठ करून बरोबर येतात. शब्दाच्या शेवटावरून काही मदत होते: ‘उंग’, ‘हाइट’ आणि ‘काइट’ हे प्रत्यय लागून झालेली नामे स्त्रीलिंगी असतात, तर ‘शेन’ हा लघुत्ववाचक प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होते, म्हणूनच मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द ‘डास’ घेतो.

वाक्यरचनेची जाण कमी असेल, तर मराठीचाच आधार घ्यावा. तो जर्मनसाठी अनपेक्षितपणे भक्कम आहे. ‘वाइल इश हॉयटं क्रांक बिन’ या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते, हे शिकवताना इंग्रजीवरून आलेली पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. मराठीत ते शब्दाला शब्द ठेवून वाचावे: ‘कारण मी आज आजारी आहे.’ काही शिल्लकच राहत नाही. ‘डेम हुन्ट’ म्हणजे कुत्र्याला, ‘डेर हुन्ट’ म्हणजे कुत्रा. विभक्ती ही कल्पना आपल्याकडे शाळेपासून आहे, फक्त आपण नाम बदलतो आणि जर्मन बहुतेक वेळा उपपद बदलते. दवाखान्यात नोकरीला जाणाऱ्या मुलीला ‘क्रांकेनहाउस’ हा लांब शब्द भीतिदायक वाटतो, तेव्हा तो फोडून दाखवावा: आजाऱ्यांचे घर, म्हणजे आपला ‘रुग्णालय’ हाच समास. परक्याला ‘झी’ आणि जवळच्याला ‘डू’ म्हणायचे, हेही ‘आपण’ आणि ‘तू’ यांत वाढलेल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. ज्याला तक्ते पाहून धडकी भरते, त्याने असे पन्नास वाक्यांचे मराठी-जर्मन जोडसंच तयार करून ते तोंडपाठ करावेत. नियम त्यातून हळूहळू दिसू लागतो.

कान कच्चा असणाऱ्यांना मात्र मी खोटा दिलासा देत नाही. त्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ पहिल्या तीन महिन्यांतच द्यावा लागतो, कारण चुकीचा ऐकलेला शब्द चुकीचाच पाठ होतो आणि पुढे श्रवणाच्या परीक्षेत ओळखू येत नाही. यांत्रिक सूचनांचा इथे खरा उपयोग होतो. ‘ई’ म्हणत राहावे आणि जीभ मुळीच न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल करावेत; जो स्वर निघतो तो ‘यु’ नव्हे आणि ‘इ’ही नव्हे, तो जर्मनमधला दोन टिंबांचा ‘ऊ’ आहे. ‘ए’ म्हणताना ओठ ‘ओ’सारखे केले की दोन टिंबांचा ‘ओ’ मिळतो. ‘इश’मधला शेवटचा वर्ण खरे तर आपला ‘श’ नाही. जीभ ‘य’च्या जागी ठेवून आवाज न करता नुसता श्वास सोडला की तो येतो. शब्दाच्या शेवटचा ‘ड’ हा ‘ट’ होतो आणि ‘ग’ हा ‘क’ होतो, हे एकदा जिभेला कळले की कानालाही कळू लागते. रोज पंधरा मिनिटे, मुद्रित आवाजाच्या मागोमाग अर्ध्या क्षणाच्या अंतराने तेच वाक्य म्हणत जाण्याचा सराव करावा, आणि एकच मिनिटभराचा उतारा आठवडाभर पुरवावा. रोज नवा उतारा घेण्याचा मोह टाळावा.

स्वभावाचा भाग

बहिर्मुख माणसाला भाषा लवकर येते, हा समज वर्गात सगळ्यांनीच करून घेतलेला असतो. ज्याँ-मार्क देवाले आणि एड्रियन फर्नहॅम यांनी 1999 मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना असे आढळले की लेखी चाचण्यांतील गुणांशी बहिर्मुखतेचा फारसा संबंध दिसत नाही. तो दिसतो बोलण्याच्या ओघात, आणि विशेषतः ताणाच्या प्रसंगी. माझा अनुभवही याला धरून आहे. बोलका विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत पुढे असतो, कारण त्याच्या तोंडून वर्गातल्या इतरांच्या तिप्पट वाक्ये निघतात. त्याच्यापुढचा धोका नंतर येतो.

तो धोका काय असतो हे रिचर्ड श्मिट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून स्पष्ट होते. हवाईमध्ये राहायला आलेला एक जपानी चित्रकार, ज्याला त्यांनी वेस हे नाव दिले, अत्यंत मनमिळाऊ होता. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत सहज वावरत होता, व्यवहार करत होता, मित्र जोडत होता. श्मिट यांनी त्याच्या इंग्रजीचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला. संवाद साधण्याचे त्याचे कौशल्य वाढत गेले, व्याकरण मात्र जवळजवळ होते तिथेच राहिले. लोकांना त्याचे म्हणणे कळत होते, म्हणून चूक सुधारण्याची निकड त्याला कधी भासलीच नाही. मित्र जोडण्यासाठी एवढी भाषा पुरते, आणि त्याच्या आयुष्यात तिने उत्तम काम केले. परंतु ज्याला बी-2 चे लेखन करायचे आहे, रुग्णाच्या नोंदी लिहायच्या आहेत, त्याचे त्यावर भागणार नाही.

तुम्ही बोलके असाल तर आठवड्यातून एकदा तीन मिनिटे जर्मनमध्ये बोलून मुद्रित करा आणि ते स्वतः, शब्दन्‌शब्द, जसे बोललात तसेच लिहून काढा. हे काम कंटाळवाणे आहे आणि बोलक्या माणसाला ते नको वाटते. पण स्वतःची चूक कागदावर दिसल्याशिवाय ती त्याला ऐकूच येत नाही. सगळ्या चुका एकदम धरू नका. या आठवड्यात फक्त क्रियापदाची जागा, पुढच्या आठवड्यात फक्त ‘डेन’ आणि ‘डेम’ ही ‘डेर’ची विभक्तीनुसार बदललेली रूपे, असे एक-एक लक्ष्य ठेवा. सोबतच्या मित्राला सांगून ठेवा की तीच एक चूक झाली तर त्याने बोट वर करावे आणि बाकीच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे.

अबोल विद्यार्थ्याविषयी बोलताना आधी एक भेद करायला हवा, कारण तो न केल्याने शिक्षकही त्यांच्यावर अन्याय करतात. अंतर्मुख असणे आणि भाषेची धास्ती वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतर्मुख माणसाला कमी माणसांत, विचार करून बोलायला आवडते. त्याला भीती वाटत असतेच असे नाही. उलट चारचौघांत मराठीत दिलखुलास गप्पा मारणारा माणूस परक्या भाषेच्या वर्गात गारठू शकतो. एलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोआन कोप यांनी 1986 मध्ये या धास्तीचे मोजमाप करणारी 33 विधानांची प्रश्नावली मांडली आणि ही धास्ती परीक्षेच्या किंवा सभेच्या सर्वसाधारण भीतीहून वेगळी असल्याचे दाखवून दिले. धास्ती लक्ष खाते. ‘मी आता चुकणार, सगळे पाहताहेत’ हा विचार डोक्यात घोळत असताना शब्द शोधायला जागाच उरत नाही, आणि मग येत असलेला शब्दही सापडत नाही. अशा विद्यार्थ्याला ‘अरे बोल, घाबरतोस काय’ असे सांगणे निरुपयोगी तर असतेच, पण निर्दयही असते.

अंतर्मुख विद्यार्थ्याने तयारी करून बोलावे. वर्गाला जाण्यापूर्वी आज कोणती तीन वाक्ये बोलायची हे ठरवून जावे आणि ती पहिल्या अर्ध्या तासात बोलून टाकावीत. उशीर होईल तसा ताण वाढतो. बी-1 च्या संभाषण परीक्षेत एका विषयावर थोडक्यात सादरीकरण करायचे असते, आणि त्याची बांधणी ठरलेली असते: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातील परिस्थिती, फायदे-तोटे व मत, समारोप. हा भाग अंतर्मुख विद्यार्थ्याचा हक्काचा आहे. ज्यात जोडीदाराबरोबर मिळून काही योजना आखायची असते तो भाग त्याला जड जातो, म्हणून त्याचा सराव एका ठरावीक जोडीदारासोबत महिनाभर करावा आणि मगच जोडीदार बदलावा.

धास्ती असलेल्याने मात्र पायऱ्या आणखी बारीक कराव्यात. पहिले तीन आठवडे घरात, दार लावून, मोठ्याने एकट्यानेच बोलावे: मी कांदा चिरतो आहे, गॅस पेटवतो आहे, दूध उतू जाते आहे. मग वर्गातल्या एकाच मित्राला व्हॉट्सॲपवर रोज अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पाठवावा; त्यात पुसून पुन्हा बोलण्याची मुभा असते, आणि ती सुरुवातीला फार मोलाची वाटते. पुढे पुसण्याची मुभा स्वतःच काढून घ्यावी. त्यानंतर प्रत्यक्ष एकाशी, मग तिघांत, मग वर्गासमोर. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीला यातल्या पहिल्या पायरीवर पाच आठवडे लागले आणि शेवटच्या पायरीवर एक. शिक्षकाला खासगीत सांगून ठेवावे की मला अचानक विचारू नका, माझी पाळी आधी कळू द्या. कोणताही समजूतदार शिक्षक हे मान्य करेल.

या धास्तीच्या मुळाशी पुष्कळदा अहंकार नसून प्रतिष्ठेची जपणूक असते. अलेक्झांडर गियोरा यांनी याला ‘भाषिक अहं’ असे म्हटले: परकी भाषा बोलताना आपण स्वतःची ओळखच थोडी सैल करतो, आणि ज्याला ती सैल करवत नाही त्याचे उच्चार ताठर राहतात. त्यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अगदी थोडे मद्य दिलेल्या लोकांचे परभाषेचे उच्चार सुधारले, मात्रा वाढताच ती सुधारणा नाहीशी झाली. यातून मद्याचा सल्ला घ्यायचा नाही. स्वतःवरचा पहारा किंचित ढिला झाला की जीभ वळते, एवढे घ्यायचे. ज्येष्ठ पदावर असलेले, आपल्या क्षेत्रात नावाजलेले विद्यार्थी या पहाऱ्यामुळे सर्वाधिक अडतात. मराठीत आणि इंग्रजीत ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याला जर्मनमध्ये चार वर्षांच्या मुलासारखे ‘मला पाणी पाहिजे’ म्हणावे लागते. त्यांना मी स्वतःचे एक जर्मन नाव घ्यायला सांगते आणि वर्गात त्याच नावाने हाक मारते. चूक मग त्या नावाच्या माणसाची होते. हे पोरकट वाटेल, पण गंभीर माणसांवर ते चांगले लागू पडते.

अतिहुशार विद्यार्थ्यांची अडचण याच्याशी जवळची आहे. संपूर्ण नियम कळेपर्यंत ते वाक्य बोलत नाहीत. जर्मन भाषा अशा माणसाची सतत परीक्षा पाहते, कारण तिच्यात अर्थ शेवटपर्यंत टांगून ठेवण्याची सोय आहे. ‘इश श्टेहं उम झेक्स ऊर’ इथपर्यंत ऐकले तर ‘मी सहा वाजता उभा राहतो’ असे वाटते, आणि मग शेवटी ‘आउफ’ येते आणि कळते की मी सहाला झोपेतून उठतो. संदिग्धता सहन करण्याची ताकद हा स्वभावाचा भाग आहे, तरी ती सरावाने वाढते. रोज दहा मिनिटे आपल्या पातळीहून किंचित अवघड मजकूर शब्दकोशाशिवाय वाचावा, अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारावी, आणि तो शब्द तिसऱ्यांदा आला तरच अर्थ पाहावा. पहिला आठवडा असह्य जातो. दुसऱ्या आठवड्यात लक्षात येते की निम्म्या शब्दांचा अर्थ पाहण्याची गरजच पडली नाही.

शिस्तप्रिय, नेटक्या माणसाविषयी फार लिहायला नको. तो वेळेवर येतो, गृहपाठ करतो, पुढे जातो. त्याने फक्त वही सुंदर करण्यात घालवलेला वेळ अभ्यासाच्या वेळेतून वजा करून मोजावा.

कशासाठी शिकायची, हे आधी लिहून काढा

रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी 1959 मध्ये मॉन्ट्रियलमधील अभ्यासात दाखवले की भाषिक क्षमता आणि प्रेरणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन्ही यशात भर घालतात. याचा अर्थ असा की क्षमता मध्यम असलेला माणूस प्रेरणेच्या बळावर बरेच अंतर कापू शकतो. साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे काकासाहेब कालेलकर गुजरातीत इतके रमले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, आणि ते आपल्या ओवीत होते. दोघांनाही त्या भाषेत कुणाशी तरी बोलायचे होते, काही सांगायचे होते.

म्हणून ‘जर्मन आलेली बरी’ हे कारण पुरेसे धरू नये. कोणाशी, कोणत्या ठिकाणी, कशाविषयी बोलायचे आहे, हे एका परिच्छेदात लिहावे. नोकरीसाठी शिकणे हे कारण हलके आहे असे मी मानत नाही. घरचे कर्ज फेडण्यासाठी बी-2 पर्यंत गेलेल्या मुलींची चिकाटी मी जवळून पाहिली आहे. मात्र नुसत्या परीक्षेसाठी शिकणारा परीक्षेनंतर थांबतो, आणि कामावर रुजू झाल्यावर रुग्णांच्या बोलीभाषेपुढे हतबल होतो.

आठवड्याचा आराखडा

वर्गाव्यतिरिक्त आठवड्याला पाच तास मिळतात असे धरू. त्यांतले तीन तास कच्च्या भागाला आणि दोन बाकी सगळ्याला, हे प्रमाण मला अनुभवाने योग्य वाटते. याहून जास्त वेळ कच्च्या भागात घातला की उत्साह मावळतो.

समजा तुमचा कान कच्चा आहे, स्वभाव अंतर्मुख आहे, पण व्याकरण आणि पाठांतर चांगले आहे. मग रोज सकाळी पंधरा मिनिटे आवाजामागोमाग बोलण्याचा सराव, म्हणजे आठवड्याचे पावणेदोन तास. दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास एका जोडीदाराशी संभाषण. आणि रविवारी पंधरा मिनिटे स्वतःचा आवाज ऐकून मूळ उच्चाराशी ताडून पाहणे. उरलेल्या दोन तासांत कार्डे आणि लेखन. व्याकरणाच्या पुस्तकाला वर्गाबाहेर हात लावू नका. ते तुम्हाला वर्गातच पुरते, आणि घरी ते तुमची लपण्याची जागा बनते.

समजा याउलट तुम्ही बोलके आहात, कान तयार आहे, पण शब्दांची रूपे लक्षात राहत नाहीत. मग रोज वीस मिनिटे पेटीतली कार्डे, उपपदांसह. आठवड्यातून एकदा तीन मिनिटांचे बोलणे लिहून काढून त्यातली ठरलेली एक चूक दुरुस्त करणे, ज्याला चाळीसेक मिनिटे लागतात. बाकीच्या दोन तासांत एक तास छोटी पत्रे आणि ईमेल लिहून शिक्षकाकडून तपासून घ्या, आणि एक तास मोकळेपणाने बोला. बोलणे पूर्ण बंद करू नका. तुमची गोडी तिथेच आहे.

तीन महिन्यांनी पहिल्या रविवारच्या चारही परीक्षा नव्या शब्दांवर पुन्हा घ्याव्यात, शिवाय जुने दहा शब्द पुन्हा मुद्रित करून दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. तेव्हाचे आणि आताचे आकडे शेजारी लिहावेत. सोबत आपल्या पातळीची एक नमुना परीक्षा वेळ लावून सोडवावी आणि संभाषणाचा भाग शिक्षकाकडून तपासून घ्यावा. चारही विभागांत 60 च्या वर गुण असतील, तर पुढच्या पातळीचे शुल्क भरायला हरकत नाही आणि तीन तासांचा वाटा नव्या कच्च्या भागाकडे वळवावा. एखादा विभाग 60 च्या खाली असेल, तर बाकीच्या तीन विभागांत कितीही गुण असले तरी महिनाभर त्याच पातळीवर थांबावे आणि ते तीन तास त्या एका विभागाला द्यावेत.